गाडीआधी तिची फाइल

२००२ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन इथे मायकेल शूमाकरने सचिन तेंडुलकरला लाल रंगाची फेरारी ३६० मोडेना भेट दिली. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची सचिनने बरोबरी केली, त्या निमित्ताने फियाट कंपनीने दिलेली ही भेट. गाडी भारतात आणायची वेळ आली तेव्हा आयातशुल्काचा आकडा एक कोटीच्या वर गेला. गाडीच्या किमतीपेक्षा शुल्कच मोठे. सरकारने शुल्कमाफी दिली, त्यावरून वाद झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले आणि शेवटी शुल्काचे पैसे कंपनीने भरले. पुढे २०११ मध्ये सचिनने ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त बोलली गेलेली सेकंड हँड स्पोर्ट्स कार बहुधा हीच असेल. ती विकत घेणाऱ्याला एक गोष्ट आयती मिळाली, जी अशा गाड्यांच्या बाजारात फार दुर्मिळ असते. गाडी कुठून आली, कोणाकडे होती, शुल्क कोणी भरले, हे सगळे जगजाहीर होते. बाकीच्या गाड्यांचा पूर्वेतिहास आपल्याला स्वतः शोधावा लागतो. हे प्रकरण त्या शोधाविषयी आहे.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

महागडी स्पोर्ट्स कार शोरूमबाहेर पडली की तिची किंमत वेगाने घसरते. नवी गाडी घेणाऱ्याला नेहमी सर्वांत ताजे मॉडेल हवे असते. वॉरंटी संपत आली की तो ती काढायला बघतो. आणि जुनी गाडी घेणारे लोक मोजके असतात. पुरवठा आहे, गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव उतरतो. आज नव्या पोर्शे ९११ ची किंमत भारतात दोन कोटींच्या घरात आहे. तीच गाडी दहा-बारा वर्षांची झाली की तिची किंमत एखाद्या नव्या, भरपूर सोयींच्या एसयूव्हीच्या जवळपास येते. डॉक्टर, वकील, छोटा कारखानदार अशा माणसाच्या मनात तेव्हा पहिल्यांदा विचार येतो, की ही आपल्यालाही जमेल.

इथेच थांबून हिशेब करायला हवा. गाडीची किंमत निम्म्यावर किंवा चौथाईवर आली, तरी तिच्या ब्रेकच्या डिस्कची किंमत कमी झालेली नसते. क्लच प्लेट, सस्पेन्शन, हेडलाइट, सेन्सर, सगळे दोन कोटींच्या गाडीच्याच दराने मिळते. गावाकडचा जुना वाडा स्वस्तात मिळतो, पण त्याचे सागवानी वासे बदलायचे ठरवले की सुतार आजचाच भाव सांगतो. या गाड्यांचेही तसेच आहे.

म्हणून जुनी स्पोर्ट्स कार घेणारा माणूस खरे तर आधीच्या मालकाची काळजी विकत घेत असतो, किंवा त्याचा निष्काळजीपणा. ज्याने वेळेवर ऑइल बदलले, खडखड ऐकताच गाडी दाखवली, टायर जोडीने बदलले, त्याने केलेला खर्च आपल्याला मिळतो. ज्याने हे टाळले, त्याचा टाळलेला खर्च आपल्या माथी येतो. गाडीचा रंग, चकाकी, आवाज यांतून हे कळत नाही. ते कळते फाइलमधून: सर्व्हिसची बिले, बदललेल्या भागांच्या पावत्या, विम्याचे दावे, आरसी बुक.

एक गाडी जवळून पाहू

यासाठी पोर्शे ९११ पेक्षा चांगले उदाहरण नाही. १९६३ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने पहिल्यांदा दिसली. तीन आकडे आणि मध्ये शून्य असे नाव वापरण्याचा हक्क आपला आहे, अशी हरकत प्यूजो कंपनीने घेतली आणि ९०१ ची ९११ झाली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, सहा सिलिंडर उभे न ठेवता दोन्ही बाजूंना आडवे झोपवलेले, आणि थंड ठेवण्यासाठी पाण्याऐवजी हवा. पुढे दोन मोठ्या माणसांसाठी आणि मागे दोन लहान मुलांसाठी बसायची जागा. सामान ठेवायचे ते पुढच्या बॉनेटखाली. तीस वर्षांहून जास्त काळ हा आराखडा टिकला. ११ मे २०१७ रोजी झुफेनहाउझेनच्या कारखान्यातून दहा लाखावी ९११ बाहेर पडली.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मात्र कंपनी मोठ्या तोट्यात होती. वेंडेलिन वीडेकिंग यांच्या हाती कारभार आला. त्यांनी टोयोटाच्या पद्धतीने काम शिकवणाऱ्या जपानी सल्लागारांना बोलावले आणि कारखान्याची घडी नव्याने बसवली. मग १९९६ मध्ये बॉक्सस्टर आली आणि १९९७ मध्ये नवी ९११, जिला जाणकार ‘९९६’ या अंतर्गत क्रमांकाने ओळखतात. खर्च वाचवण्यासाठी दोन्ही गाड्यांचा पुढचा भाग बराचसा सारखा ठेवला होता. ९९६ चे इंजिन ३.४ लिटरचे, ३०० अश्वशक्तीचे आणि ९११ मध्ये पहिल्यांदाच पाण्याने थंड होणारे. धूर आणि आवाजाचे नियम कडक होत होते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवायचे तर हवेने एवढी उष्णता निघून जाणे कठीण होते, म्हणून हा बदल अटळ होता.

जुन्या चाहत्यांना तो रुचला नाही. पाण्याचे इंजिन आवडले नाही आणि हेडलाइटचा आकार तर अजिबात आवडला नाही. तळलेल्या अंड्यासारखा दिवा, असे त्याचे नाव पडले. परिणाम असा, की युरोप-अमेरिकेत कितीतरी वर्षे ९९६ ही सर्वांत स्वस्तात मिळणारी ९११ होती. यातून ग्राहकाने शिकण्यासारखी गोष्ट अशी, की सेकंड हँड बाजारातला भाव पुष्कळदा गाडीच्या लौकिकावर ठरतो. ९९६ चालवायला उत्तम गाडी आहे. मात्र तिच्या बदनामीतला एक भाग खरा होता आणि तो इंजिनाच्या पोटात होता.

मुठीत मावणारे बेअरिंग

इंजिनाचा मुख्य शाफ्ट फिरतो, तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टलाही त्याच तालात फिरवावे लागते. या इंजिनात ते काम साखळ्यांच्या मदतीने एका मधल्या शाफ्टकडे दिले आहे. त्या शाफ्टच्या एका टोकाला एक बॉल बेअरिंग असते. मुठीत मावेल एवढेच. पण ते दोन्ही बाजूंनी सीलबंद ठेवले होते. आतले ग्रीस आयुष्यभर पुरेल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात काही वर्षांनी सील कडक होते, गरम ऑइल आत झिरपते, ग्रीस धुऊन जाते. मग बेअरिंगला धड ग्रीसही मिळत नाही आणि ताजे ऑइलही नाही. गोळ्या झिजतात, शाफ्ट हलू लागतो, साखळीचा ताल चुकतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. काही क्षणांत इंजिन संपते.

सुरुवातीच्या काही वर्षांच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगा असलेले बेअरिंग होते. २००० च्या सुमारास एका रांगेचे आले, आणि सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच झाल्या. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. त्यात २००१ ते २००५ च्या गाड्यांबाबत २०१३ मध्ये तडजोड झाली. पुढे मोठे बेअरिंग आले. ते जास्त भरवशाचे, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय काढता येत नाही. अखेर २००९ च्या मॉडेलपासून, म्हणजे ९९६ नंतर आलेल्या ‘९९७’ या पिढीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, आलेल्या नव्या इंजिनात तो मधला शाफ्टच काढून टाकला. ९९६ च्या काळातल्या टर्बो आणि जीटी३ गाड्यांत मात्र हान्स मेत्सगर यांच्या आराखड्याचे वेगळे इंजिन होते. १९९८ ची ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या गाडीशी त्याचे नाते आहे, आणि त्यात हे दुखणे नव्हते.

बहुसंख्य गाड्यांचे बेअरिंग शाबूत राहिले, हेही तितकेच खरे आहे. ज्यांना काळजी घ्यायची होती त्यांनी एक सोपा रस्ता धरला. जुन्या, लहान बेअरिंगपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि क्लच बदलतानाही तो उतरवावाच लागतो. म्हणून क्लच प्लेट बदलायची वेळ आली की त्याच मजुरीत बेअरिंगही बदलून घ्यायचे. क्रँकशाफ्टच्या मागच्या बाजूचे ऑइल सील याच गाड्यांत गळते. तेही त्याच वेळी बदलायचे.

आता समजा तुमच्यासमोर २००३ च्या दोन ९९६ उभ्या आहेत. एक ३०,००० किलोमीटर चाललेली, काचेसारखी चमकणारी, पण कागद नाहीत. दुसरी ९०,००० चाललेली, दारावर दोन ओरखडे, पण फाइलमध्ये दरवर्षीच्या ऑइलची बिले आणि क्लचसोबत बेअरिंग बदलल्याची पावती. मी दुसरी घेईन आणि तुम्हालाही तीच घ्यायला सांगेन. उभी राहिलेली गाडी म्हणजे जपलेली गाडी, हा समज या यंत्रांच्या बाबतीत महागात पडतो. ऑइल न फिरता राहिले की त्यात ओल साठते, सील वाळतात, रबर चिरते, बॅटरी मरते.

गाडी पाहायला जाताना

सकाळी जा. आदल्या दिवशीच मालकाला सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी मागच्या झाकणावर हात ठेवा. ते गरम असेल तर कोणीतरी इंजिन आधीच तापवून ठेवले आहे, आणि थंड इंजिनाचे आवाज तुमच्यापासून लपले आहेत.

चावी फिरवल्यावर सायलेन्सरमधून निळसर धुराचा एखादा झोत आला तर घाबरू नका. सिलिंडर आडवे असल्याने रात्रभरात थोडे ऑइल आत उतरते आणि पहिल्या काही सेकंदांत जळते. पण पांढऱ्या धुराचा लोट थांबतच नसेल, तर ऑइलची वाफ वेगळी करणारा भाग फाटलेला असण्याची शक्यता आहे. सायलेन्सरच्या दोन नळ्यांत बोट फिरवून पाहा. एक कोरडी आणि दुसरीवर ओलसर काजळी असेल, तर त्या बाजूच्या सिलिंडरला ओरखडे पडलेले असू शकतात. हे या इंजिनाच्या पुढच्या ३.६ आणि ३.८ लिटर आवृत्त्यांचे दुसरे मोठे दुखणे. ऑइल खाणे आणि ठरावीक तालात येणारी टिकटिक ही त्याची आणखी दोन लक्षणे. खात्री करायची तर गाडी लिफ्टवर चढवून सिलिंडरमध्ये नळीचा कॅमेरा घालून आतली भिंत बघावी लागते. त्यासाठी मेकॅनिकला हजारांत पैसे मोजावे लागतील. ते वाचवले तर इंजिन उघडायला लाख मोजावे लागतात.

मीटर मागे फिरवला आहे का, हे तपासायची एक छान युक्ती आहे. या गाड्यांचा इंजिन संभाळणारा संगणक इंजिन एकूण किती तास चालले, याची नोंद ठेवतो. योग्य स्कॅनर लावला की तो आकडा मिळतो. मीटरवरच्या किलोमीटरना त्या तासांनी भागा. मीटर ३०,००० आणि तास १,२०० असतील, तर सरासरी ताशी २५ किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या वापराशी जुळणारी. पण तास ३,००० निघाले तर सरासरी ताशी १० येते, आणि विक्रेत्याला प्रश्न विचारायची वेळ येते. चुकीच्या गिअरमुळे इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले, तेही तिथेच नोंदलेले असते.

टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे दिसतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. पोर्शेने मान्यता दिलेल्या टायरवर ‘एन’ अक्षर आणि पुढे आकडा असतो. चारही टायर एका कंपनीचे, एका काळातले आणि एन खुणेचे असतील तर मालक खर्चाला मागे हटणारा नव्हता, असे समजायला हरकत नाही. मागे दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले, तर बाकीच्या गाडीकडे जास्त बारकाईने बघा. ब्रेकचे कॅलिपर पिवळे असतील तर डिस्क सिरॅमिकच्या असण्याची शक्यता आहे. त्या फार टिकतात, पण बदलायच्या झाल्या तर लाखांचा हिशेब होतो. तेव्हा त्यांच्या कडा बोटाने चाचपून पाहा, टवका उडालेला नसावा. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र प्रत्येक पत्र्यावर फिरवा. एकाच दाराचा आकडा दुप्पट आला, तर तिथे डेंटिंग-पेंटिंग झाले आहे.

पाण्यात बुडालेली गाडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या तळघरांतल्या हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१५ ला चेन्नई, २०१८ ला केरळ. प्रत्येक महापुरानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकायला येतात. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकल्यासारखी असते, त्यामुळे कमी पाण्यातही ती आधी बुडते. ९९६ मध्ये आणि तिच्या काळच्या बॉक्सस्टरमध्ये तर एक महत्त्वाचे कंट्रोल युनिट आसनाच्या खालीच आहे. आत पाणी शिरले की गाडी सुरूच होत नाही.

ओळखायचे कसे? सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुतला जातो तो रोज दिसणारा भाग. आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेषा तशीच राहते. आसन पुढे सरकवून त्याच्या रुळाचे बोल्ट पाहा, गंज असेल तर कारण विचारा. गालिचाचा कोपरा उचला, खाली वाळलेला गाळ सापडू शकतो. हेडलाइटच्या आत धुके धरले आहे का? दार बंद करून दोन मिनिटे आत बसा आणि वास घ्या. फार उग्र अत्तर मारलेले असेल तर कशावर, हा प्रश्न स्वतःला विचारा.

कागद

ब्रिटनमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की तिच्या वार्षिक चाचण्यांचा इतिहास, त्या दिवशी मीटरवर किती आकडा होता यासह, सरकारी संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य दिसतो. आपल्याकडे एवढी सोय नाही, त्यामुळे आपली फाइल जास्त मोलाची. पोर्शेने भारतात अधिकृत विक्री २००४ मध्ये सुरू केली. तेव्हापासून इथे विकलेल्या गाडीची नोंद अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसिस नंबरवरून शोधता येते. विक्रेत्याकडून लेखी संमती घ्या आणि ती नोंद मागवा.

त्याआधी आलेल्या किंवा खासगीरीत्या आयात केलेल्या गाडीबाबत सीमाशुल्क भरल्याचे कागद बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टीअरिंग उजवीकडे हवे, अशा अटी आहेत. काही गाड्या परदेशी पाहुण्यासोबत ठरावीक मुदतीसाठी शुल्काविना येतात आणि परत न जाता इथेच विकल्या जातात. अशी गाडी महसूल गुप्तचर यंत्रणेने पकडली तर ती ज्याच्या दारात उभी असेल त्याच्याकडून जप्त होते, मग त्याने पैसे कितीही प्रामाणिकपणे मोजलेले असोत.

परराज्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते. कमी कराच्या राज्यात नोंदवून महाराष्ट्रात वर्षानुवर्षे फिरवलेल्या कितीतरी महागड्या गाड्या आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ सांगते, की दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंद करावी लागते. म्हणजे मूळ आरटीओची एनओसी, म्हणजेच फॉर्म २८, आणि इथला रोड टॅक्स. महाराष्ट्रात महागड्या गाड्यांच्या या एकरकमी कराला कमाल मर्यादा आहे, ती २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कर कमी बसतो, पण तो आकडा आधी काढा आणि मग किमतीची घासाघीस करा. दिल्लीच्या गाड्यांचा भाव आणखी पडलेला असतो, कारण त्या परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तिथली गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

बाकीचे कागद ठरलेले आहेत. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५. परिवहनच्या संकेतस्थळावर थकलेली चलने. आणि विमा. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही. इंजिनात पाणी शिरून होणारे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही, त्याचे जादा संरक्षण कोकण-मुंबईत तरी घेतलेच पाहिजे.

दारात आल्यानंतर

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. तसा असला तर ९११ आरामात जाते. पण गल्लीत रात्रीतून उभा राहिलेला, अरुंद आणि उंच ब्रेकर आला की पोटाखाली दहा-बारा सेंटीमीटर जागा असलेली गाडी घासते. ती तिरकी घालायला शिकावे लागते. घेण्याआधी आपल्या सोसायटीचा रॅम्प आणि नेहमीचा रस्ता साध्या गाडीने एकदा या नजरेने फिरून या.

पेट्रोल ९५ किंवा जास्त ऑक्टेनचेच भरा, ते आता शहरांतल्या बऱ्याच पंपांवर मिळते. इंजिनात आठ लिटरच्या वर ऑइल जाते, छोट्या घरगुती गाडीत जाते त्याच्या दुपटीहून जास्त. किलोमीटर भरोत न भरोत, ते वर्षातून एकदा बदला आणि काढलेला फिल्टर मेकॅनिकला कापून दाखवायला सांगा. त्याच्या घड्यांत धातूचा चुरा नसेल तर पुढचे वर्ष निश्चिंत. पुढच्या बंपरमधल्या जाळीमागे रेडिएटर असतात, तिथे पाने आणि कचरा साठतो. ओला कचरा रेडिएटर कुजवतो. पावसाळ्यानंतर बंपर उतरवून रेडिएटर साफ करून घ्या. आठवड्यातून एकदा तरी गाडी इतकी चालवा, की ऑइल पूर्ण तापेल. नुसती दारात सुरू करून बंद केली तर फायद्यापेक्षा तोटाच होतो.

पैशाचे म्हणाल, तर माझे ठाम मत असे. जेवढे पैसे गाडीसाठी जमवले आहेत, त्यातला पाचवा हिस्सा बाजूला काढा आणि उरलेल्या चार हिश्श्यांत बसेल तीच गाडी बघा. पहिल्या वर्षात तो पाचवा हिस्सा लागेलच असे नाही. लागला तर गाडी उभी राहणार नाही आणि तुमची झोपही उडणार नाही. कर्ज काढून जुनी स्पोर्ट्स कार घेऊ नये. हप्ता आणि दुरुस्ती एकाच महिन्यात आली, तर माणूस दुरुस्ती पुढे ढकलतो. एक ढकललेली दुरुस्ती दुसरीला जन्म देते आणि वर्षभरात चांगली गाडी वाईट होते.

ज्याला गाडी म्हणजे फक्त लोकांनी बघावी अशी वस्तू वाटते, त्याने ही वाट धरू नये. पण पहाटे खंडाळ्याचा घाट मोकळा असताना दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना मागून येणारा सहा सिलिंडरचा आवाज ज्याच्या अंगावर काटा आणतो, आणि त्याच आवाजातली एक बारीकशी वेगळी टिकटिकही ज्याच्या कानाला टोचते, त्याने जरूर घ्यावी. अशा माणसाच्या हाती ही यंत्रे पन्नास-पन्नास वर्षे चालली आहेत.

घेतल्यानंतर पहिल्याच दिवशी एक जाडजूड फाइल आणा. आधीच्या मालकाचे कागद तारखेप्रमाणे लावा आणि पुढचे प्रत्येक बिल, अगदी वायपरच्या रबराचेसुद्धा, त्यात ठेवा. कधीतरी तुम्हीही ही गाडी विकाल. तेव्हा किल्लीच्या आधी ती फाइल पुढच्या माणसाच्या हातात द्या.